बाबांच्या पदकांची पेटी

३ जानेवारी

दादा,

नमस्कार. इकडे मी आणि शिलाईचं मशीन, दोघंही अजून चालू स्थितीत आहोत. मशीन थोडं कुरकुरतं, मी जरा जास्त. वहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना जिने चढू देऊ नकोस. माझ्या जिन्याच्या सत्तावीस पायऱ्या मी रोज मोजते, एकही कमी होत नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की बाबांच्या वस्तूंसाठी मी लाकडी पेटी करून घेते आहे. भिंतीला लावायची, पुढे काचेचं दार. आत टोपी, कमरपट्टा, शिट्टी, पलटणीतला फोटो आणि चार पदकं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं आणि सगळं अजून ट्रंकेत कोंबलेलं आहे. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर होतो, आणि त्या दिवशी माझ्या हातून एक बाही धड बसत नाही.

सुतार गल्लीच्या टोकाचाच. बोलतो कमी, पण एकेक प्रश्न असा विचारतो की उत्तर देताना तारांबळ उडते. मी वर्तमानपत्रं जोडून टेबलावर पसरली, त्यावर वस्तू मांडल्या आणि पेन्सिलीनं त्यांच्या कडा काढल्या, कापड बेततात तशा. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टोपी पाच इंच उंच. पेटी सहा इंच खोल करावी लागणार. मग ही पदकं विहिरीत पडल्यासारखी दिसतील." बाबा घरात शिरले की बाकीचे कोपऱ्यात जायचे, तसंच त्यांच्या टोपीचं. शेवटी असं ठरलं की टोपीचा खण खोल ठेवायचा आणि पदकांच्या मागे फळी घालून तळ वर उचलायचा. फळीवर मी गडद निळं कापड ताणून बसवणार आहे.

मग त्यानं विचारलं, "बघणारा उभा असणार की बसलेला?" उंची त्यावर ठरते म्हणे. कोण बघणारा, असं अगदी तोंडावर आलं होतं. बसलेला, मी म्हणाले, मशीनवर. त्याप्रमाणे त्यानं भिंतीवर खूण केली.

लाकूड बाबांच्या पलंगाचं आहे. रागावू नकोस. तेवढी मोठी वस्तू खोलीत रिकामी पडून राहिली की तिच्याकडे पाठ करून जेवावं लागतं. सुतारानं दोन बाजूंच्या पट्ट्या रंधून दाखवल्या, आतून लाकूड अजून नव्यासारखं आहे.

पदकं कुठल्या क्रमानं लावायची हेही त्यानं विचारलं. मग सांगते म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

तुला यातलं काही हवंय का? शिट्टी हवी असेल तर पाठवते. लहानपणी तिच्यासाठी किती रडायचास. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. पेटी तुझ्याकडे लावायची असली तरी माझी हरकत नाही.

तुझी,
चिंधी

२२ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "पेटी हवी तशी कर. पदकांना मी हात लावायचा नाही, हा त्यांचाच हुकूम आहे."

खरं सांगते, मला राग आला. अकरा महिन्यांत आलेलं तुझं पहिलं अक्षर, त्यात वहिनींच्या गुडघ्यांचंसुद्धा काही नाही. कार्ड उलटं ठेवून मी एका बाईचा झगा शिवायला घेतला आणि खिसा आतल्या बाजूला लावला. एकसष्टाव्या वर्षी. सगळा उसवला.

नंतर राग गेला. तू लिहिलंस ते खरंच आहे.

परवा बिगुलवाले काका आले होते. बाबांच्या पलटणीतले तेवढेच आता उरलेत. तीनदा जिन्यात बसून वर पोचले. टेबलावरचा कागद त्यांनी बघितला, पदकांची पट्टी हातात घेतली, आणि म्हणाले, "पोरी, हे अजून उलटंच आहे?" सगळ्यात मोठं पदक आधी, छातीच्या मधल्या बाजूला, आणि मग उतरत्या मानानं बाकीची, असा नियम. बाबांच्या पट्टीवर शौर्याचं पदक सगळ्यात शेवटी आहे. त्या मेळाव्याच्या दिवशी काका बाबांच्याच रांगेत उभे होते. आता ते चहा अर्धा टाकून उठले.

तुला हे माहीतच आहे, तरी मी ते तोंडानं कधी म्हटलेलं नाही. आता लिहिते.

दर वर्षी माजी सैनिकांच्या मेळाव्याआधी पदकं सोडवायची, घासायची आणि फिती पुन्हा पट्टीवर शिवायच्या, हे काम तुझं होतं. बाबांनी ते मला कधी दिलं नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, मी बारा वर्षांची, शिवणात तुझ्यापेक्षा दहापट चांगली, आणि तरी तुझे ते वेडेवाकडे टाके मिरवत ते जायचे. त्या दुपारी तू मॅचला गेला होतास. मी पदकं सोडवली, लख्ख केली आणि शिवून टाकली. शौर्याच्या पदकाची फीत विटलेली होती म्हणून ती शेवटी लावली आणि तांबडी-पिवळी पुढे घेतली. छान दिसावं म्हणून. मला वाटलं, बाबा विचारतील कुणी शिवलं, आणि मी पुढे होईन.

मेळाव्यात मोठे साहेब रांगेतून येता येता बाबांसमोर थांबले, पदकांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "कुठल्या दुकानातून आणलीस?" अख्खी रांग हसली. बाबा घरी आले आणि अंगणात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर, त्यांनी तुला थोबाडीत मारली. विचारलंसुद्धा नाही. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "चुकलं माझं." मी दारात उभी होते. पुन्हा पदकांना हात लावायचा नाही, असं ते म्हणाले ते तेव्हाच. वर्षाच्या आत तू घर सोडलंस. त्यानंतर तुम्हा दोघांचं जे काही बोलणं झालं ते माझ्यामार्फत, तेही "त्याला सांग", "त्यांना सांग" एवढंच.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बाबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वहिनींना नमस्कार.

चिंधी

८ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. दोन आठवडे मी पोस्टमनची वाट बघितली. आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो.

पेटी आली. सुतारानं ती खांद्यावरून आणली आणि खुणेवर लावली. काम सुरेख झालंय. सांधे असे बसलेत की नख शिरत नाही. टोपी आपल्या खणात ऐटीत बसली आहे, शिट्टी, पट्टा, फोटो, सगळं जागच्या जागी. मशीनवर बसून मान वर केली की समोर बाबा. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवून बसले. पाठीवर उजेड पडतो, सुईत दोरा ओवता येत नाही, तरी तशीच बसले.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. बाबांना माहीत होतं.

शेवटच्या महिन्यात मीच त्यांना सांगितलं. त्यांना औषध देत होते आणि एकदम तोंडातून गेलं, की ती पदकं मी शिवली होती. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी कळलं."

कसं ते विचारलं, तर म्हणाले, "गाठ बघितली."

आईची गाठ. दोरा तीनदा फिरवून आतून ओढून घ्यायची, बाहेर काही दिसत नाही. त्यांच्या वर्दीच्या एकेका बटणाखाली ती गाठ होती. आईनं ती फक्त मला शिकवली होती. तुला मारून झाल्यावर ते खोलीत गेले, पट्टी उलटी केली आणि त्यांना ती दिसली. म्हणजे थप्पड मारून तास झाला नसेल, तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं.

"मग त्याला सांगितलं का नाही?" मी विचारलं. ते भिंतीकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "पोराला चारचौघांत मारलं. माफी मागायची तर चारचौघांतच मागायला हवी होती. तेवढी माझी छाती झाली नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला कळव. मला ठाऊक होतं म्हणावं. चूक माझी होती म्हणावं."

ती पदकं त्यांनी पुन्हा कधी घातली नाहीत, ते अख्खी रांग हसली म्हणून, असं आपण दोघंही समजत होतो ना.

मी तुला कळवलं नाही. बाबा होते तोवर नाही. ते गेल्यावर चौथ्या दिवशी तू आलास, चप्पल न काढता दारात उभ्यानं चहा घेतलास, तेव्हाही नाही. एक वाक्य म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. कारण त्यांचं सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं, आणि मला वाटलं, हे ऐकून तू जिना उतरशील तो कायमचाच. मग दोन ओळींचं कार्डही येणार नाही. मला या जगात कार्ड पाठवणारं दुसरं कोण आहे? वर्षभर मी तुझं देणं दाबून ठेवलं ते फक्त एवढ्यासाठी. बाबांची छाती झाली नाही आणि माझीही झाली नाही.

काल मी पट्टी उसवली. दहा मिनिटं लागली. पहिली गाठ सुटेना, मग ती कात्रीनं कापली.

चारही पदकं, फिती आणि पट्टी या पत्राबरोबर पार्सलनं पाठवते आहे. खरा क्रम काकांनी कागदावर लिहून दिलाय, तो आत आहे. सुई-दोराही ठेवलाय. वहिनींना शिवू देऊ नकोस. ते काम तुझं होतं, मी तुझ्या गैरहजेरीत तुझ्या हातातून घेतलं. हुकमाचं म्हणशील, तर तो त्यांनी मागे घेतला होता, तुझ्यापर्यंत पोचवायचं माझ्याकडून राहिलं.

शिवून झाली की तुझ्याच घरी ठेव, किंवा इकडे घेऊन ये, किंवा त्यांना हातही लावू नकोस. काहीही केलंस तरी मला ते पटेल. पेटीत निळं कापड लावलेली फळी रिकामी आहे. सुतारानं विचारलं, अजून काय यायचंय? म्हटलं, भाऊ यायचाय. तोंडातून निघून गेलं. त्यानं दाराचा खटका दोनदा उघडझाप करून बघितला आणि तो गेला.

टाके वेडेवाकडे आले तरी चालतील.

जिच्या वाटणीची थप्पड तू खाल्लीस ती,
तुझी बहीण