उन्हाची गोधडी

तापीकाठ, ता. तळोदा
१२ जानेवारी १९६४

चि. सौ. रंजन हिस,

भाभीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत. तुझे भाऊ, त्यांची केळी, दोन्ही बैल आणि मी, याच क्रमाने. खापरलाही सगळी बरी असतील असं धरून चालते, कारण तू तर कळवत नाहीस. बाजाराला येणाऱ्या मगनजवळ तिळगुळाचा डबा दिला आहे. या खेपेला डबा रिकामा परत धाडू नकोस. मागच्या वर्षीचा तसाच आला, तेव्हा आत एखादी चिठ्ठी असेल म्हणून मी तळापर्यंत हात घालून बघितला होता.

नवीन बातमी अशी, की आपल्या अंगणातलं चुलाणं मी विझवलं. खरंच सांगते. आंघोळीचं पाणी आता ऊन तापवतं.

झालं असं. पंपाचे लोखंडी नळ बांधावर पडलेले असतात ना, त्यातून दुपारी पहिलं जे पाणी निघालं त्याने तुझ्या भावांचा पाय पोळला. दुसरा कोणी शिव्या देऊन मोकळा झाला असता, पण यांनी तळोद्याला जाऊन कय्युमभाई पत्रेवाल्याला गाठलं. दोघांनी तीन दिवस खाणंपिणं सोडून ठोकाठोकी केली. पत्र्याची उथळ पेटी, आत-बाहेर काजळीसारखी काळी. ती लाकडी खोक्यात बसवली. वर खिडकीची काच, खाली एक तोटी. मधल्या फटीत कय्युमभाई कापूस भरायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, हाई काय पेटीनं बाळंतपण शे का?" तर तो हसून म्हणाला, "बाई, मानूसले गोधडी लागस, तशी ऊनले बी लागस."

विहिरीजवळच्या ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून ती ठेवली आहे. सकाळी भरायची आणि विसरून जायचं. दिवस कलायला लागला की तोटी सोडायची. काय सांगू रंजन, त्या पाण्याला धुराचा वास नाही. डोळे मिटून अंगावर घेतलं की दिवसभराचं ऊन खांद्यावरून उतरत जातं आणि मी कुठे आहे, किती वर्षांची आहे, ते घटकाभर आठवत नाही. लोक हसतात. म्हणतात, शांतीलालच्या घरी संध्याकाळी सकाळ होते. यांना पहाटेच आंघोळ लागते, म्हणून कय्युमभाईने गोल पिंप करून दिलं. रात्री त्यात पेटीतलं गरम पाणी भरून मी त्याच्यावर माझी जुनी गोधडी घालते. पहाटे कोमट असतं.

आणि हे पाणी भाजत नाही. कितीही वेळ ठेव, अंगाला सोसेल इतकंच तापतं. तुझ्या मीनाला सांग.

दगू अजून कामाला येते. तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. तिच्याविषयी पुन्हा कधी लिहीन.

तुझी भाभी
तापी


तापीकाठ
१ मार्च १९६४

चि. सौ. रंजन हिस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही, पण डबाही परत आला नाही. एवढ्यावर मी महिना काढला.

आता गावात सात घरी पेट्या झाल्या. पहिली रतिलालकडे. तोच सगळ्यांत जास्त हसला होता! कय्युमभाई म्हणतो, दाराखिडक्यांच्या काचा तळोद्यात मिळेनाशा झाल्या. दुपारी धाब्यावर चढून बघावं, तर अंगणा-अंगणात एकेक काच चमकते, जणू तापी फुटून घरोघर पाणी भरायला आली. पलीकडे सातपुडा निळा, आणि कुठून धूर नाही. मी कपडे वाळत घालायला जाते आणि तिथेच उभी राहते. मग खालून हाक येते, "भाकरी कराना इचार शे का नही?"

दगू आता डोंगरातून लाकडं आणत नाही. पेटी भरते, काचेवरची धूळ पुसते. पगार मी कमी केलेला नाही. पहिल्या दिवशी तिने काचेला हात लावला आणि म्हणाली, "आते मन्ही मोळी सूर्यदेव वाही ऱ्हायना." मग स्वतःशीच हसली. तिच्या डोक्यावरचे केस मोळीच्या जागी झडून गेले आहेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

परवा दुपारी पेटीशेजारी बसल्या-बसल्या डोळा लागला. स्वप्नात तू दहा वर्षांची, मी नवी नवरी. मी तुझे केस धुते आहे आणि तू ओरडते आहेस, "भाभी, डोयामां गयं!" जाग आली तेव्हा माझे हात कोरडे होते आणि काचेवर एक चिमणी स्वतःला चोच मारत होती. तू विसरली असशील, पण मी या घरात आले तेव्हा रडायला मला तुझाच खांदा होता. दहा वर्षांच्या पोरीचा.

अखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, माहेरी ये. सहा वर्षं झाली. खापर काही विलायतेत नाही, एस.टी.ने दोन घटका. तुझी अट मला पाठ आहे, दगू त्या घरात असेपर्यंत पाय ठेवणार नाही. गावातल्या बायाही मला विचारतात, मोलकरणीपायी नणंद तोडलीस? मी म्हणते, दगूसारखी कामाला बाई मिळत नाही. एवढंच म्हणते.

मीनाचा हात कसा आहे? चिंचपाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढत्या वयात कातडी ओढेल. तेल लावतेस ना?

तुझी भाभी
तापी


तापीकाठ
१२ एप्रिल १९६४

रंजन,

मीनाचं कार्ड मिळालं. किती सुंदर अक्षर काढते ग पोर! "मामी, तुमच्या पेटीतलं पाणी खरंच भाजत नाही का?" एवढीच ओळ. पण पत्ता तुझ्या हातचा आहे. म्हणजे तू ते वाचलंस आणि तरी टपालात टाकलंस.

कार्ड आलं ते परवा. त्याच्या आदल्याच दिवशी माझी दोन बोटं पोळली होती.

चैत्रातलं ऊन तुला ठाऊक आहे. दुपारी एक वाजता मी सहज तोटी सोडली आणि ओरडले. काच असते, काळा पत्रा असतो, वर कापसाची ऊब. पाणी चुलाण्यावरच्यासारखंच कडकडीत झालेलं. मी जानेवारीत तुला जे लिहिलं ते थंडीतलं होतं, आणि मी ते बाराही महिन्यांचं करून टाकलं, कारण मला ते तसंच हवं होतं. घरात न भाजणारं पाणी आलं, आता रंजन येईल, जुनं काही बोलावं लागणार नाही, असं मी तीन महिने उन्हात बसून स्वप्न बघत होते.

तेव्हा मीनाला सांग, भाजतं. मामी चुकीचं बोलली होती. आता अकरा वाजले की आम्ही काचेवर गोणपाट टाकतो.

आणि मामी त्याच्याआधीही एकदा चुकीचं बोलली होती. ते तुला सांगते.

त्या दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची पहाट. तू आत उटणं कालवत होतीस. तीन वर्षांची मीना थंडीने उड्या मारत अंगणात फिरत होती. आईंची शिकवण तुला माहीत आहे, घंगाळात आधी गरम पाणी, मग विसण. थंडात गरम ओततात ते फक्त मेलेल्या माणसाच्या आंघोळीला. मी नवी असताना एकदा उलटं केलं, तर आईंनी सगळं पाणी ओतून द्यायला लावलं होतं. त्या पहाटेही मी आधी गरमच ओतलं. हंड्यातलं उकळतं. मीच, माझ्या हाताने. आणि विसणाला थंड पाणी घ्यायला रांजणाकडे गेले. रांजण तळाला गेला होता. तांब्याने खरवडून काढत होते. कितीसा वेळ? मीनाची किंकाळी ऐकली तेव्हा माझा हात रांजणातच होता.

पोरीला वाटलं असेल, पाणी तयार आहे. डावा हात कोपरापर्यंत घातला तिने.

तू धावत आलीस आणि विचारलंस, "हाई पानी कोनी ठेवं?" दगू तेव्हा नुकतीच फाटकातून आत येत होती. डोक्यावर मोळी होती. ती त्या पहाटे आंघोळीच्या पाण्याजवळ नव्हतीच, रंजन. मी म्हटलं, "दगूनी ठेवं व्हई."

तिने ऐकलं. मोळी उतरवली नाही. माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

मला वाटलं, नंतर सांगेन. मीनाला घेऊन चिंचपाड्याला जाण्याची घाई होती. मग दवाखान्यात तू जेवत नव्हतीस, तेव्हा नको वाटलं. मग तू ती अट घातलीस. आणि मग आई वारल्या, आणि सांगायचं आणखीच राहून गेलं. दगूला काढून टाकलं असतं तर तू आली असतीस. पण तिला कोणत्या तोंडाने काढू? आणि तुला कोणत्या तोंडाने सांगू? तिला ठेवून घेणं हीच माझी कबुली, असं मी मनाशी म्हणत राहिले. सोयीची कबुली ती. कारण तेव्हापासून गावात कुणी दगूच्या हाती लेकरू दिलेलं नाही. लग्नघरात, बारशाला ती दारातच बसते. मी आतून बघते आणि पुढच्या पंगतीचं वाढायला घेते.

काल मी तिला विचारलं, तू तेव्हा बोलली का नाहीस? मला वाटत होतं ती म्हणेल, तुझ्यासाठी. तसं ती म्हणाली नाही. काच पुसत-पुसत म्हणाली, "मन्ह्या बोलाले कोन इचारस, बाई?"

रात्री जेवायला बसल्यावर तुझ्या भावांना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले. पण आज सकाळी दगू आली तेव्हा त्यांनी तिला "दगूबाई" अशी हाक मारली. सहा वर्षं तिला नुसतं "ए" होतं. ती पाणी भरता-भरता थांबली.

हे पत्र तू मीनाला वाचून दाखव किंवा नको, ते तुझ्यावर. पण अखाजीला तिला आण. निंबाला झोका बांधून ठेवते. गौराईची गाणी म्हणायला पोरी जमतात, त्यात तिची जागा सहा वर्षं रिकामी आहे. दगूबाई घरात असेल. तुझी अट आता माझ्यावर फिरव. तू म्हणालीस तर त्या चार दिवसांत मी माझ्या माहेरी जाऊन राहीन. मनात काही धरणार नाही. हे घर आधी तुझं माहेर आहे, मग माझं सासर. मीनाला आंघोळ दगूबाई घालेल, अंगणात, सगळ्या गावादेखत. तेवढं तू होऊ दे.

पाण्याची काळजी करू नकोस. आईंची ती रीत मी मोडली. पहिल्या दिवशी वाटलं, आपण कुणाच्या तरी जिवावर उठतो आहोत. आता तसं वाटत नाही. दगूबाईलाही तसंच शिकवलं आहे, आणि मी घरात असले-नसले तरी ती तसंच करील.

अंगणात बसून लिहिते आहे. गोणपाटाखाली पेटी तापते आहे. मला सारखं वाटतं, फाटक वाजलं.

बादलीत आधी थंड पाणी घालणारी,
तुझी भाभी
तापी