सेंगे दोरी ओढतो ते असू दे

यांगडोल, बाळा,

१९६१ साली ल्हासाहून काठमांडूला आलो, तेव्हापासून रोज सकाळी स्तूप उजव्या हाताला ठेवून मी फेऱ्या घालते. आज मी उलट दिशेने निघाले आणि मला कळलंसुद्धा नाही. सेंगे मात्र चारी पाय रोवून बसला. कुत्र्याचं पिल्लूच ते, हट्ट करतंय असं वाटून मी त्याला दटावलं. तेवढ्यात दिवे विकणारा नोर्बू ओरडला, "मोला आजी, साठ वर्षांचं पुण्य आज परत करायला निघालात की काय?" सगळे हसले, मीही हसले. मग आपल्या घराची गल्लीच आठवेना. सेंगेनेच ओढत ओढत दारापर्यंत आणलं.

शेजारच्या पेमाबरोबर दवाखान्यात जाते आहे. माझा गुडघा दुखतोय असं तिला सांगितलंय. खरं काय ते फक्त तुला सांगते.

सेंगेला दुपारी भात दे आणि लगेच बाहेर ने, नाहीतर गालिचा भिजवेल. त्याच्या डोळ्यांवरचे केस कापू नकोस. आणि दोरी ओढायची त्याची खोड मी महिनाभर मोडत होते ना, ती आता मोडू नकोस.

अमा