लिंबोणीचा ताण

१२ जाने., रवि.
आजपासून लिंबोणीचं पाणी बंद, ह्यांचा हुकूम. रोहिणखेडला दिरांच्या बागेत देतात तसा ताण द्यायचा. झाड तहानलं की पानं गाळतं, मग पाणी सोडलं की फुलतं म्हणे. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा लावलेलं रोप. सहा वर्षांत एक फूल नाही. चेतन पाडव्याला नाशिकहून येणार, नवी गाडी घेऊन. फाटकाच्या आत गाडीला जागा हवी. "आई, काहीच येत नाही तिला, काढून टाकू." पाडव्यापर्यंत मुदत मागून घेतली.

२० जाने.
पानं मलूल झालीत, बघवत नाही. हे बँकेत गेले तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी मोरीकडच्या बाजूने घातलं. एकच गंज, लहानसं पातेलं.

२७ जाने.
गंज रोजचाच झालाय. वर्गातली पोरं पाणी प्यायला जाऊ का म्हणाली की मी कधी नाही म्हटलं नाही, आता या वयात कशी म्हणू? शेवग्याला तुरे. मोगरा अजून झोपलेला.

३ फेब्रु.
हे बुचकळ्यात. सकाळी लिंबोणीपुढे उभं राहून, "काऊन वं, पानं काऊन नाही गाळून राह्यली?" मग शेजाऱ्यांच्या टाकीवर संशय. टाकी झिरपत असेल म्हणून कुदळ घेऊन कुंपणालगत चर खणला, गुडघाभर. माती कोरडी ठणठणीत. मी चहा नेऊन दिला. हसू येत होतं, लाजही वाटत होती.

४ फेब्रु.
रोहिणखेडहून धाकट्या जाऊबाईंचा फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं. "थोडं थोडं पाणी भेटलं का झाड पानावरच राह्यते बाई, फुलावर नाही येत. ताण म्हंजे पुरा ताण."
म्हणजे तिला वाचवायला निघाले आणि मीच…
गंज बंद.

१५ फेब्रु.
बरीच पानं गळली. आज शेणखत घालून पाणी सोडलं. हे बादल्या ओतत होते, मी आळं सारखं करत होते. नळ आठ दिवसांनी आला, तरी तिचं पोटभर झालं. मोगऱ्याला नवी पालवी. छान गेला दिवस.

१ मार्च
रोज उठल्या उठल्या आधी तिच्याकडे. अजून काही नाही. अबोली फुलली, कढीपत्त्याला कोंब. एरवी केवढा आनंद झाला असता.

८ मार्च
कळ्या!! फाटकाकडच्या फांद्यांवर पांढऱ्या, गच्च. मोरीकडची बाजू मात्र नुसती हिरवीगार. ह्यांनी झाडाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तुनं पाणी देल्लं."
"हो."
"रोज?"
"रोज एक गंज. चार फेब्रुवारीपर्यंत."
"अन् मी येड्यावानी चर खंदला!"
रागावतील वाटलं होतं. हसत सुटले. मला रडूच आलं.

१६ मार्च
फुलं उमलली. दारात उभं राहिलं तरी वास. मधमाश्या दिवसभर. पण फूल म्हणजे फळ नव्हे, दिवस तापायला लागलेत. सकाळी खाली सडा पडतो त्याची धास्ती वाटते.

३० मार्च, पाडवा
चेतन काल संध्याकाळी आला. गाडी रस्त्यावरच लावली. आज गुढी उभारून झाल्यावर लिंबोणीखाली बराच वेळ उभा होता. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. मोहरीएवढी फळं धरलीत, दाखवावीत असं फार वाटलं. नाही गेले.

३१ मार्च
चेतन गेला. गाडी सुरू केली, मग काच खाली घेतली.
"आई, लिंबं कधीपर्यंत होतात?"
"टिकली तर ऑगस्टमध्ये."
"मग ऑगस्टमध्ये येतो."
लिंबं न्यायला, की झाड काढायला, ते बोलला नाही. हात हलवला आणि बादली भरायला गेले.