पलीकडच्या धक्क्यावर

सोमवार, ३ जून
शुक्रवारनंतर नदीवरची फेरीबोट बंद. नवा पूल झालाय. कौन्सिलला धक्क्यावरच्या फलकासाठी चार ओळी हव्यात. लिहिल्या – आधी दोराने ओढायचा तराफा, मग वाफेची बोट, ट्रामचा शेवटचा थांबा, लोकरीची गोदामं. ट्राम गेली. गोदामांत आता श्रीमंतांचे फ्लॅट.
एका पुरात तराफा घाईने निघाला आणि गोदामातली एक बाई मागे राहिली. ती सापडलीच नाही. तेव्हापासून धक्क्याच्या उतारावर माणूस दिसलं की इथला नावाडी बोट सोडत नाही. हे फलकासाठी दिलं नाही.

मंगळवार, ४ जून
परतताना बोट पलीकडे उगाच थांबली. प्रवासी मी एकटाच.
"व्हर्न, झोपलास की काय?" दोर सांभाळणारी रेलीन नावाड्याला म्हणाली.
"बाई येतेय ना उतारावरून."
"चष्मा बदल, म्हाताऱ्या."
उतार रिकामा होता.
मार्चमध्ये माझी बायको मर्ल पलीकडच्याच इस्पितळात वारली. "मला घरी ने, ऑल्विन," म्हणायची. डॉक्टर सोडत नव्हते.

बुधवार, ५ जून
पुन्हा थांबली. व्हर्नला विचारलं, कोण आहे?
तो माझ्याकडे बघेना. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. निळा कोट. तुम्ही नेहमीसारखे पुढे चढून जागा धरता. ती तिथेच उभी राहते."
तो कोट शवपेटीत मीच मर्लच्या अंगावर घातला होता.

गुरुवार, ६ जून
झोप नाही. उद्या शेवटची बोट. पूल तिने पाहिलेला नाही, त्यावरून कशी येईल? उद्या तिला घरी आणायचं.

शुक्रवार, ७ जून
पलीकडून परतीची शेवटची फेरी. मी बोटीत चढायच्या फळीपाशी बाजूला झालो.
"चल मर्ल. तू आधी."
फळी दबली. हळूच, एका माणसाच्या वजनाने. ओल्या मातीचा वास माझ्या खांद्याजवळून गेला.
रेलीन मागे सरकली. तिचं हसू गेलं होतं. "या ना ऑल्विन," ती म्हणाली. "या हो लवकर. आम्हाला एकटं नका सोडू तिच्याबरोबर."
माझा पाय उचलेना.
"निघा तुम्ही," मी म्हणालो.

शनिवार, ८ जून
पलीकडेच खोली घेतली आहे. खिडकीतून नदीपार आमचं घर दिसतं. अंधार पडला तसा स्वयंपाकघरात दिवा लागला. घराची किल्ली माझ्या खिशात आहे. पुलावरून जेमतेम वीस मिनिटं – मी अजून गेलेलो नाही.