चौथी वस्तू

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा कान दगा देतो म्हणून पत्रच लिहितो आहे. विषय नाजूक आहे. तुझी वहिनी विसरायला लागली आहे.

कारखान्यात होतो तेव्हा घरात काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं, हे मान्य. पण निवृत्त होऊन घरी बसलो आणि बघतो तो काय! ही सकाळी साखर, साबण, बटाटे आणि मीठ आणायला जाते आणि मीठ सोडून सगळं घेऊन येते. दुसऱ्या दिवशी मिठासाठी जाते आणि काडेपेटी विसरते. अजून साठीही गाठली नाही आणि चार जिन्नस लक्षात राहू नयेत? शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला तिला तास-दीड तास लागतो. बहुधा रस्ताही विसरत असावी.

ज्या माणसाने तीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं, ज्याच्या कारकिर्दीत एकही यंत्र खिळ्यावाचून अडलं नाही, त्याच्या घरात मीठ संपावं याची मला लाज वाटली. तेव्हा एक तारखेपासून बाजारहाट मी ताब्यात घेतला आहे. मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे ढकलगाडी मिळते, आणि एकावर एक फुकटही मिळतं. तीन महिन्यांचा साठा एका फेरीत आणला. टूथपेस्ट तर इतकी आहे, की आम्हा दोघांचे मिळून जेवढे दात उरलेत त्यांना पुरून उरेल. आता तिने जिनासुद्धा उतरायला नको. सामान बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका विचार तिचा आजवर कुणी केला नसेल.

तू तिला दोन शब्द लिही. तुझ्या मायेचा साठा माझ्यासाठी कधी कमी पडलेला नाही, पुढेही पडू नये.

तुझा,
भाऊ

दि. ९ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

भाऊचं पत्र आलं. वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद अशासाठी, की लग्नाआधी ज्याला पाण्याचा पेला हातात द्यावा लागायचा तो माझा भाऊ आता घरचं सामान आणतो. नशीब काढलंस बाई! आमच्या घरातल्यांनी शेवटपर्यंत कांदा कुठल्या दुकानात मिळतो हे विचारलं नाही. आता बस पाय पसरून.

काळजी तुझ्या विसरण्याची. पण मला ते काही खरं वाटेना. तुझ्याकडून नेलेली बरणी मी अजून परत केलेली नाही, त्याबद्दल तू मला दर पत्रात न चुकता विचारतेस. मग तुला मीठ कसं आठवत नाही? खरं काय ते कळव. मी भाऊची बहीण असले तरी पोटात ठेवणारी आहे.

प्रकृतीला जप. माझी माया आहेच, ती लिहून दाखवायची गरज नाही.

तुझी,
ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बरणी अजून आलेली नाही. म्हणजे माझं डोकं शाबूत आहे.

आता जे सांगते ते खरंच पोटात ठेवा. मी आजवर एकही वस्तू विसरलेली नाही. चार वस्तू आणायच्या तर तीन आणायच्या आणि चौथी उद्यासाठी ठेवायची, ही माझी लग्न झाल्यापासूनची रीत. सगळं एकदम आणलं तर उद्या कुठल्या तोंडाने बाहेर पडणार? सासूबाई मला वेंधळी म्हणायच्या, आणि कुरकुरत का होईना, दुसऱ्या दिवशी परत पाठवायच्या. मला एवढंच हवं असायचं. वेंधळी म्हटल्याने अंगाला भोकं पडत नाहीत.

अहो, मीठ आणायला दहा मिनिटं पुरतात. उरलेला वेळ माझा. भाजीवालीपाशी टेकायचं, तिच्या जावयाची गाऱ्हाणी ऐकायची. दुकानाच्या पायरीवर निवृत्त नर्सबाई भेटतात, त्या सगळ्या गल्लीच्या तब्येती सांगतात. आणि लोक काय घेतात ते बघण्यासारखी तर दुसरी करमणूक नाही. समोरचा व्यायामवाला तरुण दुकानदाराला मोठ्या आवाजात कोंड्याचा पाव मागतो आणि हळूच बिस्किटांचे चार पुडे पिशवीच्या तळाशी सरकवतो. वरच्या मजल्यावरचे मास्तर एकच अंडं घ्यायला लागले की समजावं, बाई रुसून माहेरी गेल्या. परत दोन घेतली की समेट झाला. वकीलबाई टोमॅटो असा दाबून बघतात की त्याने तिथल्या तिथे गुन्हा कबूल करावा. बँकवाल्यांच्या घरी भारीचा साबण गेला की पाहुणे येणार, आणि पाहुण्यांची पाठ वळली की तो साबण परत कपाटात. कुणाला काही विचारावं लागत नाही. माणूस तोंडाने थापा मारतो, पण त्याची पिशवी खरं बोलते.

हे सगळं गेलं, वन्सं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही आणि मला दाराबाहेर पाय टाकायला कारण नाही. सामान बघून मी रडले ते ह्यांनी कौतुक म्हणून घेतलं. काल खिडकीतून भाजीवाली दिसली. तिने हात करून विचारलं, बरं नाही का म्हणून. मी नुसता हात हलवला. मी जिवंतपणी पेटीत ठेवल्यासारखी झाले आहे, आणि पेटीत खाली-वर साबणाच्या वड्या.

हे तुमचं ऐकतात. बाजार मला परत द्यायला सांगा. कारण मात्र सांगू नका.

तुमच्या पाठिंब्याच्या आशेवर असलेली,
वहिनी

दि. २१ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. सुख बोचतं म्हणतात ते हेच. आमच्याकडे सूनबाई फोनवर बोट दाबते आणि सामान दारात येऊन पडतं. मी घराबाहेर कधी पडले होते ते मला आठवतसुद्धा नाही. मी करते का तक्रार?

भाऊला सांगून उपयोग नाही. साठा शिल्लक असताना खरेदी करणं म्हणजे त्याच्या लेखी खून करण्यासारखं आहे. लहानपणी पेन्सिलीचं पार बोटभर थोटूक राहीपर्यंत तो मला नवी घेऊ द्यायचा नाही. घरात सामान आहे तोवर ब्रह्मदेव आला तरी तुला कुणी बाहेर पाठवणार नाही. ते संपेपर्यंत धीर धर.

रागावले तरी आपलं माणूस समजून रागावले, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

दि. १० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गंभीर बाब कळवीत आहे. साठ्यातून माल नाहीसा होतो आहे. साखरेचं आख्खं पोतडं होतं, त्यात आता साखर नाही. मीठ नाही. साबण पाण्याशिवाय विरघळावा तसा गेला. उंदरांवर संशय घेतला, पण उंदीर टूथपेस्ट नेत नाहीत. हिला विचारलं तर म्हणते, काय की, कुठे ठेवलं आठवत नाही. आणि हे सांगताना तिचा चेहरा अगदी प्रसन्न असतो, त्याचीच मला जास्त भीती वाटते. मी ताबडतोब मोठ्या दुकानात जाऊन नव्याने भरणा केला. तर परवापासून तेल नाही. एवढंच काय ते बरं, की शेजारणी हल्ली जिन्यात माझी फार आपुलकीने चौकशी करतात.

ताई, आधी मी थोडं चेष्टेने लिहीत होतो. आता मला घास उतरत नाही. आज साखर विसरली, उद्या मला विसरली तर मी कुणाकडे बघायचं? आमचं बोलणं फार नसतं, तुला ठाऊक आहे. पण ती घरात आहे या भरवशावर मी माझं सगळं आयुष्य कारखान्यात काढलं.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे नेतो आहे. त्यांनी शिक्कामोर्तब केलं की दिवसभर तिच्या सोबतीला एक बाई ठेवायची, स्वयंपाकघराला कुलूप लावायचं आणि तिला एकटीला घराबाहेर म्हणून सोडायचं नाही, असं ठरवलं आहे. सोबतीच्या बाईशी बोलणंही करून ठेवलं.

तुझा आशीर्वाद आता खरोखरच हवा आहे.

तुझा,
भाऊ

दि. १४ मार्च

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

अगं बये, संपेपर्यंत धीर धर असं मी लिहिलं होतं. संपवायला लाग असं नव्हतं लिहिलं! सगळ्या इमारतीला साखर वाटलीस की काय? टूथपेस्ट कुणाच्या गळ्यात मारलीस?

भाऊ घाबरला आहे. अक्षर नेहमी खिळ्यासारखं सरळ, ते या खेपेला वाकडंतिकडं आलं आहे. डॉक्टरांनी एकदा मान डोलावली की तुझ्यावर पहारेकरीण बसलीच म्हणून समज, आणि मग उभ्या जन्मात तुला कोपऱ्यावरचं दुकान दिसायचं नाही. त्याला खरं सांग. नाहीतर मी येऊन सांगते. आणि मी आले की महिनाभर हलत नाही, हे तुला बरणीइतकंच चांगलं आठवत असेल.

आणखी एक. तुला सुख बोचतं लिहिलं ते मागे घेते. परवा दुपारी सहज चपला घातल्या आणि दारात उभी राहिले. सूनबाई धावत आली, म्हणाली, आई, काय हवंय ते सांगा, आत्ता मागवते. पोर गुणी आहे, मनापासून म्हणाली. पण मला सांगता येईना. काहीच नको होतं. चपला काढल्या आणि आत येऊन बसले. फार वाईट वाटलं गं.

तेव्हा धीटपणे बोल. मी तुझ्या बाजूची आहे, आता वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तिला तीन शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर परत विचारले. तिने तिन्ही सांगितले. वर डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय, हेही सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, घरचं सामान तेवढं कसं हो विसरता? ती माझ्याकडे बघून म्हणाली, विसरत नाही, ठेवून येते. आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. साखर कुणाला दिली, तेल कुणाच्या कढईत गेलं, सगळं. मास्तरांकडे माझीच टूथपेस्ट आहे. डॉक्टर मोठ्याने हसले. मला हसता आलं नाही.

परत येताना मी तिला म्हटलं, अगं, बाहेर जाते असं सरळ सांगायला काय झालं होतं? मी काय अडवलं असतं? ती चालता चालता थांबली. म्हणाली, बाहेर जाते म्हटलं की या घरात कुठे, कशाला, कुणाकडे आणि कधी येणार, असं सगळं विचारतात. मीठ संपलं म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि आठवून पाहिलं. आईने विचारलं असतं. बाबांनी विचारलं असतं. मी तर सगळ्यांच्या आधी विचारलं असतं. ताई, भांडारातून खिळा न्यायचा तरी माणसाला कारण द्यावं लागे, तो नियम मीच केला होता. तो घरातही चालू होता, हे मला कुणी कळवलं नाही.

सोबतीच्या बाईला नको म्हणून सांगितलं. हिला म्हटलं, उद्यापासून तुला सकाळी बाहेर जायची परवानगी आहे. तिने अशी काही नजर टाकली, की तो शब्द मी तिथेच मागे घेतला. सध्या घरात जपून बोलतो आहे.

चुकलो असेन तर कान उपटायला तू आहेसच.

तुझा,
भाऊ

दि. २५ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठीशी होतात म्हणून डॉक्टरांपुढे तोंड उघडलं. नाहीतर घड्याळाचं सांगून गप्प बसणार होते.

आता काल काय झालं ते ऐका. घरात सगळं होतं. तेलसुद्धा वकीलबाईंनी लाजून अर्धं परत पाठवलं. मी चपला घातल्या आणि जाऊन येते म्हटलं. हे वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले. पान उलटं होतं, पण बसले.

खोटं कशाला सांगू, जिना उतरताना दोनदा मागे वळून दाराकडे बघितलं. काही आणायचं नसताना मी या रस्त्यावर कधी चाललेच नव्हते. हात कुठे ठेवावेत कळेना. सगळी गल्ली विचारतेय असं वाटत होतं, ही बाई रिकामी कुठे निघाली? दुकानदाराने सवयीने विचारलं, आज काय विसरलात? मी म्हटलं, आज काही घ्यायचंच नाही. त्याला वाटलं, त्या मोठ्या दुकानामुळे बोलतेय. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. भाजीवालीला मात्र काही सांगावं लागलं नाही. तिने बटाट्यांची टोपली जरा बाजूला केली आणि मी बसले. व्यायामवाला येऊन गेला. आता पुडे सहा झालेत. मी पोटभर बसले, मनात येईल तेव्हा उठले.

घरी आले तर दार ह्यांनीच उघडलं. माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. तोंडाशी आलेले प्रश्न गिळले, ते घशातून खाली जाताना मला दिसले. मग चहा करतो म्हणाले. दूध कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण केला. कप माझ्यापुढे ठेवून, खाली बघत, पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, उद्या मी पण येऊ का?

वन्सं, हो अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, उद्या नको.

कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तुमचीही आठवण त्या टोपलीपाशी बसून काढली. या इकडे, दोघी जाऊ.

आपल्या मायेत राहू इच्छिणारी,
वहिनी