हातमोज्यांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी

हात गार म्हणून पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली! बाई तपासणीच्या पलंगावर निजलेली, मी पोटाला हात लावला आणि ती वीतभर उडाली. सिस्टरनी मला सरळ बेसिनकडे पिटाळलं — गरम पाण्याखाली हात धर, कोरडे कर, मग ये.

सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या सुईण. सव्वीस वर्षं हेच काम. आम्हा शिकाऊ मुलींना पुढचे चार महिने त्यांच्या हाताखाली काढायचेत. मागून सगळ्या त्यांना ‘चिठ्ठीसिस्टर’ म्हणतात, त्याचं कारण आज कळलं. आपण पोट तपासायचं, बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते चिठ्ठीवर लिहून घडी घालायची. मग त्या तपासणार, त्याही लिहिणार. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी उघडायच्या. बाईची फाइल त्यानंतर. आधी डोकावलीस तर त्या दिवशी घरी! वीस चिठ्ठ्या त्यांच्याशी जुळल्या की वहीत सही, आणि सही झाली की प्रसूतीच्या खोलीत प्रवेश.

‘‘आधी हात, मग कागद,’’ एवढंच म्हणाल्या. बघून झालेल्या चिठ्ठ्या हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकतात. शेवटच्या दिवशी जोड्या लावून जिच्या तिला परत देतात म्हणे.

वीसच ना? महिन्यात करून दाखवते.

४ फेब्रुवारी

शून्य. डोकं म्हणून मोठ्या प्रेमाने धरलं ते ढुंगण निघालं. पलंगावरची बाईसुद्धा हसली.

१० फेब्रुवारी

कळलं! डोकं कडक, गोल, आणि ते एकटं हलतं — दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच टोलवलं की मानेवर डुलतं. ढुंगण मऊ, आणि ते हलवलं की अख्खं बाळ हलतं. पुस्तकात चार ओळी आहेत. माझ्या हातांना सहा दिवस लागले. आणि हो, बाईला आधी लघवीला पाठवायचं. भरलेली पिशवी भल्याभल्यांना फसवते.

सिस्टर शाबासकी देत नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणतात. आज तीन ‘हं’ मिळाले.

२१ फेब्रुवारी

अकरा! त्यातल्या शेवटच्या आठ सलग. आमच्यातल्या लंबूच्या अजून सहाच झाल्यात, बिचारी सारखी नखं खाते. तिसऱ्या खेपेची एक बाई आज मला म्हणाली, पोरी, तुझे हात हलके आहेत गं. अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येताना चालत नव्हते, तरंगत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेले होते. चौतिसावा आठवडा. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात गेलं ते हिचं पहिलं. सोनोग्राफीच्या खोलीतच तिला कळलं होतं — पडद्यावर सगळं स्तब्ध, आणि तपासणारी गप्प. तेव्हापासून ताई त्या खोलीच्या दारावरून जात नाही. या खेपेला दोनदा गेली तेही भाऊजींनी जवळजवळ उचलून नेलं म्हणून, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून पडून राहिली.

आज म्हणाली, तू शिकतेस ना, तूच सांग बाई बाळ कसं आहे ते. शिकाऊ मुलीने देखरेखीशिवाय कोणाला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी सह्या घेऊन सांगितलंय. पण ताई परकी थोडीच! सोफ्यावर आडवी झाली. वर बरगडीपाशी लाथा बसतात म्हणाली. लाथा वर म्हणजे पाय वर, म्हणजे डोकं खाली — हात लावायच्या आधीच माझं उत्तर तयार. खाली चाचपलं, काहीतरी गोल लागलं. सांगून टाकलं — ताई, डोकं छान खाली आहे, तू निश्चिंत राहा. तिचा चेहरा इतका उजळला! दोन वर्षांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

तेरा. ‘हं.’

९ मार्च

ताईच्या फ्रिजवर एक कागद चुंबकाखाली लावलेला. सोनोग्राफीची तारीख. ती उलटून पाच दिवस झालेले.

विचारलं तर म्हणाली, तूच सांगितलंस ना डोकं खाली आहे, मग कशाला त्या खोलीत जायचं. भाऊजींनाही तिने तेच सांगून गप्प केलं होतं. घरात सुईण असताना यंत्राची काय गरज म्हणे!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ताई लघवीला गेली नव्हती, सोफा मधे खचलेला, आणि मी डोकं टोलवून तरी बघितलं होतं का? आठवतच नाही. परवा आमच्या दवाखान्यात ये म्हटलं. नाही नाही म्हणत होती. सिस्टर नुसता हात लावून बघतील, यंत्र नाही, असं कबूल केलं तेव्हा तयार झाली.

११ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

ताई आली ती दारातूनच सिस्टरना म्हणाली, हिने घरी तपासलंय हो, डोकं खालीच आहे! हात दाखवून अवलक्षण. सिस्टरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताईला लघवीला जाऊन यायला सांगितलं, मला हात धुवायला.

मी तपासलं. खाली मऊ. टोलवलं तर नुसतं डुललं नाही, सगळं बाळ सरकलं. वर डाव्या बरगडीखाली कडक, गोल — बोट लावलं आणि ते मजेत मानेवर डुललं. तीनदा बघितलं. तिन्ही वेळा तेच.

चिठ्ठी हातात घेतली आणि पेन काही चालेना. ‘डोकं खाली’ लिहिलं असतं तर माझी घरची बढाई खरी ठरली असती, ताई हसत घरी गेली असती. ‘वर’ लिहिलं की मी खोटी, नियम मोडल्याचं पक्कं, आणि ताईला त्या खोलीत जावं लागणार. ताई पलंगावरून माझ्याकडे बघून हसत होती. मी लिहिलं, ‘डोकं वर’.

मग सिस्टर. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. लिहिलं. पण आज चिठ्ठी टेबलावर ठेवली नाही, हातातच धरून वाचली.

‘‘माझ्या चिठ्ठीत डोकं खाली आहे. तुझ्या?’’

मी माझी उघडून ठेवली. त्यांनी ती वाचली.

‘‘सव्वीस वर्षं पोटं तपासतेय मी. बदलायची असेल तर अजून बदल.’’

सव्वीस वर्षांपुढे माझे पाच आठवडे! पण ते डोकं अजून माझ्या बोटांत डुलत होतं.

‘‘नाही सिस्टर. माझ्या हाताला वरच लागतंय.’’

‘‘बरं,’’ म्हणाल्या, आणि दोन्ही चिठ्ठ्या खोक्यात टाकल्या. मग ताईशेजारी पलंगावर बसल्या. आम्हा दोघींचं जुळत नाही, म्हणून आत्ताच सोनोग्राफी करू, मी स्वतः आत येते, असं सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावरचं हसू माझ्या डोळ्यांदेखत गेलं. तिने मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

आत मी तिचा एक हात धरला, सिस्टरनी दुसरा. डोकं वर! पाय सरळ वर ताणलेले, पावलं कानापाशी. म्हणून लाथा बरगडीत! तपासणारीला सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, गप्प बसायचं नाही, बोलत राहायचं. तीही मग हे बघा पोट, हा बघा कणा, हे बघा हृदय करत राहिली. ‘हृदय’ ऐकून ताईने डोळे उघडले. पडद्यावर ते टकटक हलत होतं. ताई रडली, मी रडले, जेल पुसायला ठेवलेले कागद आम्ही दोघींनी संपवले.

ताई गेल्यावर सिस्टरनी दार लावलं. घरी तपासलंस? हो. कोणाच्या देखरेखीखाली? कोणाच्या नाही. आठ दिवस कोणाच्या पोटाला हात लावायचा नाही, हात पाठीमागे बांधून नुसतं बघायचं, म्हणाल्या. मी मान खाली घालून उभी. निघताना म्हणाल्या —

‘‘कानाने ऐकलेलं हाताला चिकटतं. तुझं घरी तेच झालं.’’

आणि त्यांचं इथे तेच झालं! दारात ताई बोलली तेच त्यांच्या हाताला लागलं. मी काही बोलले नाही हं. पण मनात म्हटलं.

१२ मार्च

आईला फोन केला. नियम मोडल्याचं सांगितलं, तिने झाप झाप झापलं. मग हळूच सांगितलं, सव्वीस वर्षांच्या सिस्टर चुकल्या आणि मी बरोबर निघाले. आई म्हणाली, खरंच? मग तिने दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

१३ मार्च

लंबूलाही सांगितलं. तिचं नख तोंडातच राहिलं.

परवाची ती चिठ्ठी मोजणार का, म्हणून सिस्टरना विचारायचं धाडस केलं. जुळलेल्याच मोजते, म्हणाल्या. बरोबर असूनही फुकट! जाऊ दे. मन मोठं केलं.

१८ मार्च

डॉक्टरांनी आज बाहेरून हातांनी बाळ फिरवलं! यंत्रावर ठोके लावलेले, ताईने भाऊजींचा हात पिळून लाल केलेला, डॉक्टर एका हाताने डोकं खाली ढकलतायत, दुसऱ्याने ढुंगण वर. मी भिंतीशी, हात पाठीमागे. पहिल्या वेळी अर्ध्यावरून परत फिरलं — आमच्याच घरातलं ते! दुसऱ्या वेळी पोटाचा आकारच बदलला. ठोके नीट. ताई म्हणाली, आत कोणीतरी कोलांटी मारली.

मला एकदा, फक्त एकदा, ते डोकं खाली आलेलं हाताने बघायचं होतं. सिस्टरकडे बघितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. सात झाले होते. ‘‘उद्या,’’ म्हणाल्या.

१९ मार्च

खाली आहे. डुलतं.

२ एप्रिल

वीस! वहीत सही! सहीखाली सिस्टरनी एक शब्द जास्त लिहिलाय — ‘विश्वासार्ह’. लंबूच्या वहीत नुसती सही आहे, मी बघून घेतलं. अर्थात, माझ्याविरुद्ध एकदा हरल्यात त्या, लिहितीलच.

५ एप्रिल

मुलगी! सकाळी अकरा वीस. बाळ सिस्टरनी घेतलं, मी ताईच्या उशाशी. पण डोकं दिसायला लागलं तेव्हा सिस्टरनी मला बोलावून हातमोजे घालायला लावले आणि माझ्या हातावर हात ठेवून ते सावकाश बाहेर येऊ दिलं. कडक, गोल, ओलं. साडेतीन आठवडे ओळख होती आमची. भाची रडली तेव्हा ताईने पहिला प्रश्न केला, ही ओरडतेय ना? भाऊजी म्हणाले, आता पंधरा वर्षं ओरडेल.

बारशाला काय, लग्नालासुद्धा मी ही गोष्ट सांगणार — सिस्टर म्हणाल्या खाली, मावशी म्हणाली वर!

३० मे

शेवटचा दिवस. प्रत्येकीच्या चिठ्ठ्या रबर लावून हातात दिल्या. माझा गठ्ठा चांगला जाड आहे. मी जरा सलगी करून विचारलं, सिस्टर, ताईचा तो दिवस आठवतो? म्हणाल्या, ‘हं’.

वाटलं, अजून लागलंय त्यांना ते. वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवला त्यांनी. गरम होता.

३१ मे

गठ्ठा मोजला. जुळलेल्या वीस जोड्या हव्यात. एकवीस भरल्या. पुन्हा मोजल्या. एकवीस.

११ मार्च. माझी चिठ्ठी — डोकं वर. तिच्याखाली सिस्टरची, त्यांच्या ठसठशीत अक्षरात — डोकं वर, डाव्या बरगडीखाली, पाय ताणलेले.

अडीच महिने मी आईला, लंबूला, ताईच्या सासरपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले की मी त्यांना चूक करताना पकडलं. हे त्यांच्या कानावर गेलं नसेल असं होणारच नाही. आणि त्या एकदाही बोलल्या नाहीत.