विद्यापीठाचं बालकेंद्र आणि माझी पद्धत

१० जून
कोमलला डिचोलीच्या बालकेंद्रात घातलं. विद्यापीठ चालवतं, म्हणजे स्टँडर्ड असणार. पण पाटी नाही, एबीसीडी नाही. मुलं माती कालवतात, करवंट्यांत पाणी भरतात. विद्यापीठाच्या मुली कोपऱ्यात बसून नुसत्या बघतात. सुविधा टीचर म्हणाल्या, मूल काय करतं ते आधी बघायचं, मग शिकवायचं. ठीक. बघायचं काम त्यांचं, शिकवायचं माझं. संकल्प : रोज अभ्यास. चतुर्थीपर्यंत पाढे. मुलगी साडेतीन वर्षांची झाली, आणखी वेळ घालवून चालणार नाही.

१४ जून, संध्याकाळ
अभ्यास सुरू. मी ‘ए’ म्हणतो, ती माझ्या ओठांकडे टक लावून बघते. कॉन्सन्ट्रेशन जबरदस्त. अजून बोलत नाही. आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात. मीही चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होतो, असं मला आठवतं.

२ जुलै
टीचरनी मला बाजूला घेतलं. मागून हाक मारली तर कोमल वळत नाही, आल्यापासून बघतोय, कान तपासून घ्या, उशीर नको, म्हणाल्या. मी म्हटलं, टीचर, ती घरीही ऐकत नाही, हट्टी आहे. त्या हसल्या नाहीत.
रोहिणीला सांगितलं नाही. आईचं काळीज, उगाच घाबरेल.

३ जुलै, सकाळ
स्वतःच टेस्ट घेतली. मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. वळली नाही. लाकडी बाकावर बसली होती, त्याला लाथ मारली. लगेच वळली. पास.

२२ जुलै
टीचरचा फोन. सोमवारी कान दाखवायला जातो म्हटलं होतं, पण सोमवारी पिकअपचं काम निघालं. गाडी बंद तर घर बंद.

९ ऑगस्ट
आवाज चढवायचा नाही, असा संकल्प होता. शेजारची सत्यवती विचारायला आली, भांडण चाललंय काय. अभ्यास चाललाय म्हटलं. चतुर्थी झाली की कोमलला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेऊ. नक्की.

२ सप्टेंबर
अंगणात पिकअप मागे घेत होतो. आरशात कोमल दिसली, पाठमोरी, मातीत खेळत. हॉर्न दिला. परत दिला. हलली नाही. गाडी थांबली तेव्हा चाक तिच्यापासून हातभर. उतरून तिला मारलं. हट्टालाही मर्यादा असते. दारात रोहिणी उभी होती. पोरीला उचलून आत गेली.

३ सप्टेंबर
रोहिणी कोमलला घेऊन पहाटेच्या बसने बांबोळीला गेली. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावून बघू, पण लवकर यायला हवं होतं. येताना ती टीचरना भेटून आली, म्हणजे जुलैचंही तिला कळलं. मला का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चतुर्थीनंतर सांगणारच होतो.

२० नोव्हेंबर
मशीनने फारसा फरक नाही. केंद्रात आता सगळीच मुलं कोमलबरोबर हातांच्या खुणा शिकतात. आईबापांसाठी शुक्रवारी वर्ग असतो. रोहिणी जाते. मला भाडी असतात. पुढच्या महिन्यापासून मीही जाणार.
आज जेवताना कोमलने माझ्याकडे बोट दाखवलं आणि हातांनी काहीतरी सांगितलं. मुठींनी स्टिअरिंग फिरवल्यासारखं, मग स्वतःच्याच अंगावर चापट, आणखी बरंच काही. मी मान डोलावली. मग तिने तेच रोहिणीला सांगितलं. रोहिणीचा घास हातातच राहिला. काय म्हणते, मी विचारलं. तुझ्याबद्दल सांगतेय, म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.